नेशन्स कपला नाक मुरडणाऱ्यांसाठी

जून २०२५ च्या अखेरीस भारतीय महिला हॉकी संघ बर्लिनमध्ये चीनकडून हरला, प्रो लीगच्या तक्त्यात तळाला राहिला आणि पुढच्या हंगामापुरता त्या लीगमधून बाहेर पडला. आता या मुलींना दुसऱ्या फळीचा नेशन्स कप खेळावा लागणार हे कळल्याबरोबर, एरवी चार वर्षांतून एकदा हॉकीची आठवण काढणाऱ्यांनाही कंठ फुटला. टोकियो ऑलिम्पिकमध्ये चौथा आलेला संघ आणि आता कसल्या स्पर्धेत खेळणार? तिथे जिंकलो तरी त्यात काय मोठं? आणि तिसरा, जरा शहाणपणाचा आव आणणारा सूर: जायचंच असेल तर ज्युनिअर मुली पाठवा, सीनिअर संघाला कशाला दमवता? तेव्हापासून या तीन गोष्टी इतक्या जणांकडून ऐकल्या आहेत, आणि त्यात हॉकी खेळलेली माणसंही आहेत, की आता गप्प बसणं म्हणजे त्या मान्य असल्यासारखंच होईल.

आधी जे खरं आहे ते. प्रो लीगमधून खाली येणं हा अपघात नव्हता. युरोपच्या दौऱ्यात लंडन, अँटवर्प आणि बर्लिन मिळून आठ सामने झाले आणि आठही हरले. त्याच हंगामात फेब्रुवारीत भुवनेश्वरला याच मुलींनी नेदरलँड्सला बरोबरीत रोखून शूटआउटमध्ये हरवलं होतं, त्यामुळे जूनमधली घसरण अधिकच झोंबली. हरेंद्रसिंगांचं प्रशिक्षण, सरावातला भार, संघनिवड या सगळ्यावर टीका व्हायलाच हवी, आणि ती झालीही. माझं भांडण त्या टीकेशी नाही. परीक्षेत नापास झाल्याचं दुःख वेगळं आणि पुन्हा द्यायची परीक्षाच हलकी म्हणून हिणवणं वेगळं. हे दुसरं जे चाललं आहे ते हॉकीच्या अज्ञानातून चाललं आहे.

‘तिथे खेळतं तरी कोण?’ हा त्यातला लाडका प्रश्न. डिसेंबर २०२२ मध्ये स्पेनच्या व्हॅलेन्सिया शहरात पहिला महिला नेशन्स कप झाला आणि तो भारताने जिंकला. तिथे कोण होतं ते पाहू. उपांत्य सामन्यात समोर होता आयर्लंड, म्हणजे २०१८ च्या विश्वचषकाचा उपविजेता. अंतिम सामन्यात स्पेन, म्हणजे त्याच विश्वचषकातला कांस्यपदक विजेता, तोही स्वतःच्या मैदानावर. गटात जपान होता. २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत अंतिम सामन्यात आपल्याला हरवून सुवर्णपदक नेणारा जपान तो हाच. शिवाय दक्षिण आफ्रिका, कोरिया. एका विश्वचषकाचे दोन पदकविजेते आणि आशियाची विजेती ज्या स्पर्धेत उतरतात, तिला कुणाकुणाचा भरणा म्हणायचं असेल तर मग जगात हॉकी खेळणारे देश उरतात तरी किती?

त्या पाच सामन्यांचे निकालही बघण्यासारखे आहेत. चिलीवर ३-१, जपानवर २-१, दक्षिण आफ्रिकेवर २-०. आयर्लंडशी १-१ बरोबरी आणि शूटआउटमध्ये २-१. अंतिम सामन्यात स्पेनवर १-०, गुरजीत कौरने सहाव्याच मिनिटाला पेनल्टी कॉर्नरवर केलेला गोल, आणि उरलेली चौपन्न मिनिटं तो एक गोल सांभाळणं. यात कुठे पाच-सहा गोलांची लयलूट दिसते? एक मैदानी गोल इकडचा तिकडे झाला असता तर भारत तिसरा-चौथा येऊन परतला असता. सोपी स्पर्धा अशी नसते.

आता या वादातला माझा मुख्य मुद्दा. प्रो लीगच्या बाजूने बोलणारे म्हणतात की मोठ्या संघांशी खेळल्याशिवाय मोठं होता येत नाही. वाक्य ऐकायला छान आहे. पण आपला महिला संघ मोठ्या स्पर्धांमधून नेमका कुणाकडून हरून घरी आला, याचा हिशोब हे लोक कधी मांडत नाहीत.

२०१८, लंडन, विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी: आयर्लंडकडून शूटआउटमध्ये पराभव. त्याच वर्षी जाकार्ता, सुवर्णपदकाचा आणि त्याबरोबर थेट ऑलिम्पिक प्रवेशाचा सामना: जपानकडून १-२. २०२२, तेरासा, विश्वचषकाची क्रॉसओव्हर लढत: स्पेनकडून ०-१, तोही सामना संपत आला असताना झालेला गोल. जानेवारी २०२४, रांची, पॅरिस ऑलिम्पिकची पात्रता: पहिल्याच सामन्यात अमेरिकेकडून ०-१, उपांत्य फेरीत जर्मनीकडून शूटआउटमध्ये हार, आणि शेवटच्या तिकिटासाठी जपानकडून ०-१. या यादीत पहिल्या फळीतला म्हणावा असा संघ एकच, जर्मनी. बाकी आयर्लंड, जपान, स्पेन, अमेरिका. हे सगळे नेशन्स कपच्या अंगणातले संघ. अमेरिका रांचीत आली तेव्हा प्रो लीगमध्ये होती खरी, पण त्याच हंगामाच्या शेवटी तळाला राहून तीही खाली आली.

म्हणजे नेदरलँड्सकडून पाच गोल खाल्ले म्हणून आपलं नशीब फुटलेलं नाही. ते फुटलं आपल्याच तोलाच्या संघाविरुद्ध, एका गोलाने किंवा शूटआउटमध्ये. ज्या संघाची दुखरी नस इथे आहे, त्याने आपल्या बरोबरीच्या संघांशी बाद पद्धतीने खेळण्याला कमीपणा मानायचा की औषध?

टोकियोचा दाखला तर या मंडळींना नीट आठवतही नाही. त्यांना आठवतो ऑस्ट्रेलियावरचा १-० विजय, गुरजीतचा तो ड्रॅग-फ्लिक, गोलरक्षक सविताने गोलपोस्टमध्ये केलेली तटबंदी. पण तो सामना आपल्या वाट्याला आला कसा? नेदरलँड्सकडून १-५, जर्मनीकडून ०-२, ग्रेट ब्रिटनकडून १-४ असे पहिले तीन सामने हरून झाले होते. संघ जवळजवळ बाहेर होता. पुढचे दोन सामने आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिकेशी. आयर्लंडला १-० ने हरवलं ते शेवटच्या काही मिनिटांत नवनीत कौरने केलेल्या गोलावर. दक्षिण आफ्रिकेशी ४-३, त्यात वंदना कटारियाची हॅट्‌ट्रिक, ऑलिम्पिकमध्ये भारतीय महिलेने केलेली पहिली. आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका हे दोघेही दीड वर्षाने व्हॅलेन्सियात होते. आज ज्यांच्याविषयी ‘यांना हरवून काय मिळणार’ असं विचारलं जातं, त्यांना हरवूनच आपल्याला उपांत्यपूर्व फेरीचं दार उघडलं. त्या दोनपैकी एक सामना जरी गेला असता, तर ऑस्ट्रेलियावरचा विजय झालाच नसता आणि ‘टोकियोत चौथा आलेला संघ’ ही आज तोंडावर फेकायची उपाधीही मिळाली नसती.

प्रो लीग आणि नेशन्स कप यांच्या रचनेतला फरक इथे समजून घ्यायला हवा, कारण अर्धा गैरसमज तिथून येतो. प्रो लीग ही साखळी आहे. नऊ संघ, प्रत्येकाशी दोनदा, म्हणजे सोळा सामने, काही महिन्यांत विखुरलेले. त्यात उपांत्य सामना नाही, अंतिम नाही. बरोबरी झाली तर शूटआउट होतो, पण तो एका जादा गुणासाठी. आज हरलं तरी उद्या त्याच संघाशी पुन्हा गाठ आहेच. प्रशिक्षकाला प्रयोग करायला, पेनल्टी कॉर्नरचे नवे डाव बघायला ही उत्तम जागा. नेशन्स कपात आठ संघ, दोन गट, आठवडाभराचा खेळ. गटातला एक सामना गेला तर गणित बिघडतं, उपांत्य फेरीत हरलं तर हंगामाची मेहनत वाया. वर जायला जागा एकच, ती विजेत्याची. ऑलिम्पिक आणि विश्वचषक यांतल्या कुठल्या रचनेसारखे असतात, हे सांगायला नको.

आणि पहिल्या फळीत असण्याचा आपला इतिहास तरी काय सांगतो? २०२१-२२ च्या प्रो लीगमध्ये भारताच्या मुली पहिल्यांदा खेळल्या, त्याही माघार घेतलेल्या संघांच्या जागी आयत्या वेळी बोलावल्या गेल्या म्हणून. आणि त्या हंगामात त्या तिसऱ्या आल्या. हा निकाल माझ्या मुद्द्याच्या विरोधात जातो असं कुणी म्हणेल. जाऊ दे. चांगला खेळ चांगलाच. पण बदली संघ म्हणून आलेला असल्यामुळे तिसरा येऊनही भारताला पुढच्या हंगामात जागा नव्हती. ती कमवायला व्हॅलेन्सियाला जावं लागलं. तिथे जिंकून भारत २०२३-२४ च्या हंगामात परतला आणि आठवा आला, खाली फक्त अमेरिका. त्याच्या पुढच्या हंगामात नववा. म्हणजे वरच्या फळीत राहून राहून संघ आपोआप सुधारतो, हे गृहीतकच या दोन हंगामांनी खोटं पाडलं. उलट, सतत हरण्याची सवय हाडीमाशी खिळते, आणि आठ पराभवांची ती जूनमधली रांग मला तरी त्या सवयीचं फळ वाटते.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: व्हॅलेन्सिया जिंकलात ना, मग तेरा महिन्यांनी रांचीत काय झालं? प्रश्न चोख आहे आणि त्याला पळवाट काढायची माझी इच्छा नाही. एक स्पर्धा जिंकल्याने पुढची जिंकण्याची हमी मिळत नाही. वंदना कटारिया चेहऱ्याला दुखापत होऊन रांचीच्या संघाबाहेर गेली होती, गोल करणारे हात कमी पडले, अमेरिकेविरुद्धचा पहिलाच सामना हातून निसटला. पण रांचीचा निकाल नीट वाचला तर तो माझ्या विरोधकांनाच अडचणीत आणतो. तोवर भारत प्रो लीगचा सदस्य झालेला होता. पॅरिसचं शेवटचं तिकीट ज्या जपानने आपल्याकडून हिसकावलं, तो जपान प्रो लीगमध्ये कधी खेळलेलाच नाही. दुसऱ्या फळीत राहिलेल्या संघाने पहिल्या फळीत चढलेल्या संघाला घरच्या मैदानावर हरवलं. यावरून दुसरी फळी श्रेष्ठ ठरते असं मी म्हणणार नाही. पण लीगचा बिल्ला गोल करत नाही, एवढं तर मानाल?

ही काही आजची गोष्ट नाही. भारतीय महिला हॉकीचा पाव शतकाचा आलेख काढून बसलं तर त्यातल्या बहुतेक चढणी अशाच, कुणी फारसं न पाहिलेल्या स्पर्धांपासून सुरू होतात. २००२ च्या सुरुवातीला जोहान्सबर्गला चॅम्पियन्स चॅलेंज नावाची स्पर्धा झाली. चॅम्पियन्स ट्रॉफीत जागा न मिळालेल्या संघांची ती स्पर्धा, म्हणजे नेशन्स कपची आजीच म्हणा. भारत तिथे तिसरा आला. त्याच वर्षी मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सूरज लता देवीच्या संघाने इंग्लंडला हरवून सुवर्णपदक जिंकलं, ममता खरबच्या गोल्डन गोलवर. त्या विजयावरून पुढे ‘चक दे! इंडिया’ निघाला. सिनेमातला संघ मात्र थेट विश्वचषकाला जातो आणि जिंकून येतो. सिनेमाला अडीच तासांत सगळं आटपायचं असतं, त्याला जोहान्सबर्ग दाखवायला वेळ नसतो. पण त्यामुळे आपल्या मनात महिला हॉकीचा जो नकाशा तयार झाला, त्यात मधली गावंच नाहीत.

त्यातलं एक गाव म्हणजे रशियातलं कझान. जून २००९. स्पर्धेचं नाव चॅम्पियन्स चॅलेंज-२, म्हणजे दुसरीसुद्धा नव्हे, तिसऱ्या फळीची स्पर्धा. भारताने ती जिंकली. अंतिम सामन्यात बेल्जियमवर ६-३, आणि त्या सहातले चार गोल हरियाणातल्या शाहाबाद मार्कंड्याच्या एका चौदा वर्षांच्या मुलीचे. स्पर्धेत सर्वाधिक गोल तिचे, उदयोन्मुख खेळाडूचा मानही तिला. राणी रामपाल नावाची खेळाडू जगाला दिसली ती अशा स्पर्धेत, जिचा निकाल त्या दिवशी किती वर्तमानपत्रांनी दोन ओळींहून जास्त छापला असेल याची शंकाच आहे. ‘ज्युनिअर मुलींना पाठवा’ म्हणणाऱ्यांना हे उदाहरण सोयीचं वाटेल, पण कझानला राणी काही ज्युनिअर संघातून गेली नव्हती. तिला सीनिअर संघात घेतलं होतं, अनुभवी मुलींच्या जोडीला. दोन्ही एकत्र पाठवले म्हणून ती घडली.

आणि बेल्जियम? त्या दिवशी आपल्याकडून सहा गोल खाणारा बेल्जियमचा महिला संघ २०१२ साली पहिल्यांदा ऑलिम्पिकला गेला, २०१७ ला युरोपचा उपविजेता झाला, आणि पॅरिस ऑलिम्पिकमध्ये चौथा आला. त्यांच्या पुरुषांची कहाणी आणखी बोलकी आहे. २०११ मध्ये जोहान्सबर्गच्या चॅम्पियन्स चॅलेंजच्या अंतिम सामन्यात त्यांनी भारताच्या पुरुष संघाला ४-३ ने हरवलं. तो बेल्जियम त्या वेळी दुसऱ्या फळीत होता, आणि तिथे खेळण्याची त्याला शरम वाटत नव्हती. पाच वर्षांनी रिओत रौप्य, २०१८ ला भुवनेश्वरमध्ये विश्वचषक, टोकियोत सुवर्ण. तिथल्या लोकांनी ‘आपण अशा स्पर्धेत खेळायचं?’ म्हणून सुस्कारे सोडले असते, तर आज बेल्जियमची हॉकी कुठे असती कोण जाणे.

आणखी जवळचं उदाहरण हवं असेल तर हिरोशिमा. २०१७ मध्ये हॉकी इंडियाने प्रो लीगमधून आपले दोन्ही संघ काढून घेतले. निर्णय शहाणपणाचा होता की नव्हता तो वाद बाजूला ठेवू. परिणाम असा झाला की २०१९ मध्ये प्रो लीग सुरू झाली तेव्हा भारताच्या मुली तिच्याबाहेर होत्या, आणि त्यांना ऑलिम्पिक पात्रतेच्या फेरीत पोचण्यासाठी जूनमध्ये हिरोशिमाला एफआयएच सीरिज फायनल्स खेळावी लागली. पात्रतेच्या पायऱ्यांतली ही खालची पायरी. फिजीला ११-० ने हरवलं तेव्हा इथे थट्टाही झाली. थट्टा करणाऱ्यांनी अंतिम सामना पाहिला असता तर बरं झालं असतं. यजमान जपान, दहा महिन्यांपूर्वीचा आशियाई विजेता, आणि निकाल ३-१. राणी स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू. उपांत्य सामन्याच्या आदल्या दिवशी लालरेमसियामीचे वडील वारले. मिझोरमची ती एकोणीस वर्षांची मुलगी घरी गेली नाही, चिलीविरुद्ध खेळली. ज्या सामन्याला आपण दुय्यम स्पर्धेतला सामना म्हणतो, त्याची किंमत तिने किती लावली होती ते यावरून कळावं. नोव्हेंबरमध्ये भुवनेश्वरला अमेरिकेवर दोन सामन्यांत मिळून ६-५, आणि टोकियोचं तिकीट. प्रशिक्षक शोर्ड मरिन, संघ बहुतांशी तोच. आपल्या महिला हॉकीचं ऑलिम्पिकमधलं आधुनिक काळातलं सर्वांत मोठं यश प्रो लीगचा एकही सामना न खेळता आलं.

आता एक नवा युक्तिवाद पुढे येतो आहे, तो थोडा कसबी आहे. म्हणतात, नेशन्स कप जिंकणाऱ्यांनाच वर जायचं नसतं, मग त्या स्पर्धेला अर्थ काय? न्यूझीलंडच्या महिलांनी २०२५ मध्ये चिलीत सँटियागोला नेशन्स कप जिंकला आणि बढती नाकारली; ती जागा आयर्लंडला मिळाली. त्यांच्या पुरुषांनी क्वालालंपूरला पाकिस्तानला अंतिम सामन्यात ६-२ ने हरवलं आणि त्यांनीही नकार दिला; वर गेला पाकिस्तान. हे घडलं आहे हे खरंच, आणि ते शोभादायकही नाही. पण न्यूझीलंडने नाकारली ती वरची पायरी. नेशन्स कप त्यांनी नाकारला नाही, तो ते खेळले आणि जिंकले. का नाकारली? जगाच्या एका टोकाला असलेल्या, हॉकीच्या तिजोरीत फार काही नसलेल्या देशाला वर्षभर युरोप-दक्षिण अमेरिका-आशिया असे संघ पाठवत राहणं परवडत नाही. दोष असेल तर तो प्रो लीगच्या आखणीत आहे, जिचा खर्च श्रीमंत संघटनांना आणि भक्कम प्रायोजक असलेल्यांनाच झेपतो. भारताला ओडिशा सरकारचा हात आहे, म्हणून हा प्रश्न आपल्याला टोचत नाही. त्यामुळे प्रो लीगमध्ये असणं म्हणजे जगातल्या नऊ सर्वोत्तम संघांत असणं असा सरळ अर्थ कुणी काढू नये. ज्यांना परवडतं त्यांच्यातले नऊ, इतकंच ते फार तर सांगतं. मग तिथून बाहेर पडल्याचा एवढा टाहो कशासाठी?

एका गोष्टीचं मात्र मलाही वाईट वाटतं, आणि तिच्यावर बोलणारे फार थोडे आहेत. खाली आल्यावर प्रतिष्ठेपेक्षा मोठा तोटा होतो तो सामन्यांचा. सोळाच्या जागी पाच. सामने कमी झाले की नव्या मुलींना संधी देताना प्रशिक्षकाचा हात आखडतो. सातारा जिल्ह्याचंच बघा. एकेकाळी महाराष्ट्रातून महिला हॉकीपटू म्हटलं की पुण्या-मुंबईची, रेल्वेची नावं यायची. पुण्याच्या एलिझा नेल्सन १९८२ च्या आशियाई सुवर्ण विजेत्या संघाच्या कर्णधार होत्या. त्यानंतर मोठी पोकळी. आणि मग फलटणच्या भागातून, उसाच्या पट्ट्यातून, वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीमार्गे थेट भारताच्या संघात पोचल्या. वैष्णवी हांगझोच्या आशियाई कांस्यपदक विजेत्या संघात होती. पाठोपाठ साताऱ्याचीच ऋतुजा पिसाळ आली. अक्षता आणि ऋतुजा यांना सीनिअर संघाचे पहिले सामने मिळाले ते प्रो लीगमध्येच, हे सांगितलंच पाहिजे. सोळा सामने होते म्हणून त्यांना आजमावून बघता आलं.

हे नुकसान भरून काढता येतं, आणि ते कसं याचा धडा आपल्याकडेच आहे. टोकियोआधी, प्रो लीग नसताना, जानेवारी २०२१ मध्ये संघ अर्जेंटिनाला गेला, लगेच पुढे जर्मनीला. व्हॅलेन्सियानंतर २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियाचे दौरे झाले, तेरासातल्या स्पर्धेतही संघ खेळला. प्रो लीग नसल्यामुळे मोकळ्या झालेल्या तारखा अशा दौऱ्यांनी भरा, त्यातही आयर्लंड, स्पेन, जपान, कोरिया यांच्याशी तीन-चार सामन्यांच्या मालिका खेळा, शूटआउटचा सराव खऱ्या प्रतिस्पर्ध्याशी करा. हॉकी इंडियाला जाब विचारायचाच असेल तर या वेळापत्रकाचा विचारा. ‘आपण खाली कसे गेलो’ याची सुतकी चर्चा करून एकही सामना वाढत नाही.

राहिला ज्युनिअर मुली पाठवण्याचा सल्ला. तो देणाऱ्यांनी जागतिक क्रमवारीचा हिशोब बघितलेला दिसत नाही. २०२० पासून ही क्रमवारी सामन्यागणिक बदलते. प्रत्येक निकालावर दोन संघांमध्ये गुणांची देवाणघेवाण होते आणि आपल्यापेक्षा खालच्या संघाकडून हरलं तर फटका मोठा बसतो. नेशन्स कपात भारत बहुतेक वेळा वरच्या क्रमांकावरचा संघ म्हणून उतरणार. जिंकलं तर थोडं मिळणार, हरलं तर बरंच जाणार. अशा ठिकाणी कच्चा संघ धाडणं म्हणजे क्रमवारी आपल्या हाताने ढासळू देणं, आणि विश्वचषक-ऑलिम्पिकच्या गटवाटणीत ती क्रमवारीच कामाला येते. शिवाय बढतीची जागा एकच. दुसऱ्या क्रमांकाला मिळतं ते, कुणी नकार दिला तर, नशिबाने. न्यूझीलंडच्या खर्चाच्या वहीवर आपली योजना बांधायची का?

ज्युनिअर मुलींसाठी ज्युनिअर विश्वचषक आहे, ज्युनिअर आशिया कप आहे, दौरे आहेत. त्यातली एखादी राणीसारखी तयार असेल तर तिला सीनिअर संघात घ्या, जरूर घ्या. पण व्हॅलेन्सियाच्या त्या उपांत्य सामन्यात १-१ बरोबरीनंतर आयर्लंडच्या मुली एकेक करून चेंडू घेऊन धावत आल्या, तेव्हा गोलपोस्टसमोर सविता पूनिया होती. दहाहून अधिक वर्षं आंतरराष्ट्रीय हॉकी खेळलेली, संघाची कर्णधार. त्या शूटआउटमध्ये आयर्लंडला एकच गोल करता आला. तिच्या जागी त्या दिवशी कुठली ज्युनिअर गोलरक्षक उभी करायची होती, तेवढं एक नाव या सल्लागारांनी सांगावं.